किडनीच्या आजारातली खाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिएटिनिन (किडनी किती काम करते हे दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं आहे किंवा डायलिसिस चालू आहे, आणि अंगाची खाज काही केल्या थांबत नाही, अशा पेशंटसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. पाणी, हवा, जेवण, औषध दुकानातल्या सवयी हे सगळं मराठवाड्यातलं धरून लिहिलं आहे. औषधांचे डोस दिलेत ते डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. त्यावरून स्वतःच औषध सुरू करू नका.

ही खाज किडनीमुळेच आहे हे ओळखायचं कसं?

किडनीची खाज सहसा दोन्ही बाजूंना सारखी असते: दोन्ही पाय, दोन्ही हात, पाठीचे दोन्ही भाग. पाठीला सगळ्यात जास्त. काहींना सगळं अंग खाजतं, काहींना फक्त डोकं किंवा पोट. रात्री वाढते, उकाड्यात वाढते. मुख्य खूण म्हणजे कातडीवर आधी काहीच नसतं. ओरखडे, काळे डाग, खपल्या, कडक गाठी हे सगळं खाजवल्यानंतर येतं. आधी पुरळ आणि मग खाज असा क्रम असेल तर कारण बहुधा दुसरं असतं.

अंगावर पित्त उठतं तशा लालसर गांधी येऊन काही तासांत विरत असतील, तर ती ॲलर्जी. डोळे पिवळे असतील तर लिव्हर तपासायला हवं. डायलिसिसच्या पेशंटला हेपॅटायटिस बी आणि सीची शक्यता असतेच. थायरॉइड, रक्तातलं लोह कमी होणं, नवीन सुरू झालेली गोळी यांनीही खाज येते. किडनीचं नाव घेण्याआधी हे सगळं एकदा तपासून बाजूला काढावं लागतं.

अंगावर काहीच दिसत नाही, मग इतकं खाजतं कशानं?

एकच कारण नाही. किडनीच्या पेशंटची कातडी फार कोरडी पडते, कारण घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी आक्रसतात. हे बहुतेकांमध्ये दिसतं. दुसरं, किडनी जे बाहेर टाकू शकत नाही ते रक्तात साठतं आणि शरीरात सतत बारीक सूज धुमसत राहते. तिसरं, खाजेची खबर मेंदूकडे नेणाऱ्या नसा जास्त संवेदनशील होतात आणि ती खबर दाबणारी शरीराची स्वतःची यंत्रणा ढिली पडते. ॲलर्जीत जो हिस्टामिन नावाचा पदार्थ खाज आणतो, त्याचा इथे वाटा फार थोडा आहे. ही एवढी गोष्ट लक्षात राहिली तरी पुढचा निम्मा खर्च वाचतो.

हे किती जणांना होतं? आमचे डॉक्टर कधी विचारत नाहीत.

अनेक देशांतल्या डायलिसिस पेशंटच्या मोठ्या पाहणीत १० पैकी साधारण ४ जणांनी मध्यम ते तीव्र खाज असल्याचं सांगितलं. डायलिसिस सुरू न झालेल्यांनाही होते. डॉक्टर विचारत नाहीत, कारण वजन, बीपी आणि हिमोग्लोबिन बघण्यात राउंड संपतो. पेशंट सांगत नाही, कारण "एवढा मोठा आजार आणि खाजेचं काय घेऊन बसायचं" असं त्याला वाटतं. पण याच खाजेमुळे झोप जाते, झोप गेली की भूक आणि उमेद जाते, आणि पेशंट डायलिसिसची पाळी चुकवायला लागतो. तेव्हा सांगाच. कसं सांगायचं ते पुढे दिलं आहे.

घरचे म्हणतात रक्त खराब झालंय, उष्णता वाढलीय. दुसऱ्याला लागते का ही खाज?

लागत नाही. एकाच ताटात जेवलं, एकाच अंथरुणावर झोपलं, नातवाला मांडीवर घेतलं तरी काही होत नाही.

उष्णतेवर उपाय म्हणून शहाळं, मोसंबीचा रस, काढे सुरू करू नका. शहाळ्यात आणि मोसंबीत पोटॅशियम भरपूर असतं. किडनी बंद पडत आलेल्या माणसाचं पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. खाज तर जात नाहीच.

पण आमच्या घरात सुनेला आणि नातवालाही खाज सुटली आहे.

मग ती खरूज असण्याची शक्यता मोठी आहे. बोटांच्या बेचक्या, मनगट, कंबर, बेंबीभोवती, पुरुषांत लिंगावर बारीक पुळ्या बघा. किडनीच्या पेशंटची प्रतिकारशक्ती कमी असल्यामुळे त्याच्या अंगावर खरजेचे किडे जास्त वाढतात, कधी जाड खपल्या धरतात, आणि "किडनीचीच खाज" म्हणून महिनोन् महिने ती तशीच राहते.

डॉक्टर ५ टक्के परमेथ्रिनचं मलम देतात. मोठ्या माणसाला साधारण ३० ग्रॅमची एक ट्यूब लागते. मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या कडा, बेचक्या, ढुंगणाची घडी, कुठेही जागा न सोडता रात्री लावायचं, ८ ते १२ तासांनी धुवायचं, ७ दिवसांनी पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. ज्याला खाज नाही त्यानेही. उपाय फसतो तो इथेच: एकट्या पेशंटला लावलं जातं आणि आठवड्यात घरातूनच परत लागण होते. त्या रात्रीची गोधडी, चादर, कपडे गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून किमान ३ दिवस, शक्यतो आठवडाभर, बाजूला ठेवा. किडे मेल्यावरही खाज दोन-तीन आठवडे राहू शकते. म्हणून पुन्हा पुन्हा मलम चोपडू नका.

सेट्रिझिन रोज घेतो, डायलिसिसवर एव्हिलचं इंजेक्शनही देतात. तरी फरक का नाही?

कारण ही औषधं हिस्टामिन अडवतात आणि इथे खेळ हिस्टामिनचा नाही. इंजेक्शननंतर बरं वाटतं ते गुंगीमुळे. त्या गुंगीची किंमतही असते. रात्री लघवीला उठताना तोल जातो. आणि एव्हिलसारख्या औषधाने तोंड कोरडं पडतं, मग पाणी जास्त पोटात जातं आणि पुढच्या डायलिसिसला वजन किलोभर जास्त भरतं. हा संबंध फार कमी लोकांच्या लक्षात येतो. सेट्रिझिन किडनीतूनच बाहेर पडतं, त्यामुळे नेहमीची १० मिलिग्रॅमची गोळी या पेशंटला जास्त होते. डॉक्टर ती अर्धी करतात. सोबत खरंच पित्त उठत असेल तर उपयोग आहे, नाहीतर नाही. दोन आठवड्यांत फरक पडला नसेल तर डॉक्टरांना विचारून बंद करा.

मेडिकलमधून खाजेचं मलम आणलं, लावलं की थांबते आणि परत येते.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही लिहिलेलं असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. बरोबर बुरशीचं आणि जंतूंचं औषध मिसळलेली तीन-चार औषधांची मलमं तर सर्रास मिळतात. कोरड्या कातडीवर ती महिनोन् महिने लावली की कातडी पातळ होते, जरा ओरबाडलं की रक्त येतं, गजकर्ण असेल तर ते रूप बदलून पसरतं. एखाद्या गाठीवर किंवा इसबावर त्वचारोगतज्ज्ञ ठरावीक दिवसांसाठी स्टिरॉइड देतात, ते वेगळं. अख्ख्या अंगाला चोळण्याची ती वस्तू नाही.

अंघोळ कशी करावी?

कोमट पाण्याने, ५ ते १० मिनिटांत. कडकडीत पाणी अंगावर घेतलं की क्षणभर खाज थांबते हे खरं, पण कातडीवरचं उरलंसुरलं तेल धुऊन जातं आणि तासाभरात दुप्पट खाज सुटते. बंबातलं पाणी हाताच्या पंजाऐवजी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तिथे गरम लागलं तर ते जास्त गरम आहे.

साबण रोज फक्त काखा, जांघा आणि पाय एवढ्यालाच. पाठीला, हातांना, पोटाला नुसतं पाणी पुरतं. फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून शीर जोडलेला हात, डायलिसिसच्या दिवशी साबणाने धुवायचा, तो अपवाद. घासणी, वजरी, पाठीला दगड, दिवाळीचं उटणं हे सगळं बंद. पाण्यात डेटॉल किंवा सॅव्हलॉन टाकायचं नाही. कडुनिंबाचा पाला उकळून केलेल्या अंघोळीत पाला फारसं बिघडवत नाही, बिघडवतं ते उकळतं पाणी.

पंचाने घासून पुसू नका, टिपून घ्या. अंग थोडं ओलसर असतानाच, ३ मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावा. कपडे घालून, चहा पिऊन मग लावलं तर त्याचा निम्मा उपयोग गेला.

आमच्याकडे बोअरचं जड पाणी आहे, तेही टँकरच्या पाळीचं. काय करावं?

जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून कातडीवर चिकट थर ठेवतात. केसाला आणि अंगाला जो चरचरीतपणा येतो तो त्याचाच. साबण कमी केला की हा थरही कमी होतो आणि पाणीही कमी लागतं. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात कुणाला दोन बादल्यांची अंघोळ सांगण्यात अर्थ नाही. अर्धी बादली पुरते. जमलं तर शेवटचे दोन-तीन तांबे जारच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घ्या. तेवढ्यानेही कातडी मऊ राहते. कपड्यांतून साबणाची पावडर नीट निघेल असं खळबळून घ्या. बनियन आणि चादर यांना हे विशेष लागू.

अंगाला नेमकं काय लावायचं आणि किती?

या सगळ्या प्रश्नोत्तरांतलं सर्वात कामाचं उत्तर हेच आहे, कारण बहुतेक लोक बरोबर वस्तू चुकीच्या प्रमाणात लावतात.

मोठ्या माणसाला एकदा सगळ्या अंगाला लावायला साधारण २५ ते ३० ग्रॅम लागतं. दिवसातून दोनदा म्हणजे आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे. फक्त पाय, हात आणि पाठ धरली तरी २०० ते २५० ग्रॅम. पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर तुम्ही लावतच नाही आहात असं समजा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूब पिळली की अर्धा ग्रॅम होतं आणि ते दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं.

वस्तू निवडताना वास आणि रंग नसलेली निवडा. ग्लिसरीन आणि पॅराफिन असलेलं क्रीम चांगलं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पॅराफिन ते उडू देत नाही. साधं व्हॅसलिन, म्हणजे पांढरी पेट्रोलियम जेली, स्वस्त आणि उत्तम, पण चैत्र-वैशाखात ते चिकट होऊन घामोळं आणतं. म्हणून उन्हाळ्यात क्रीम किंवा लोशन, थंडीत जेली. १० टक्के युरिया असलेलं क्रीम खरखरीत पायांवर फार छान काम करतं, मात्र ओरखडे असलेल्या जागी झोंबतं. तिथे लावू नका.

घरी स्वस्तात मिश्रण करायचं तर १०० ग्रॅम पांढरी जेली आणि १०० मिलिलिटर लिक्विड पॅराफिन घ्या. गरम पाण्याचं पातेलं गॅसवरून खाली उतरवा, त्यात जेलीचं भांडं ठेवून पातळ करा, पॅराफिन ओतून गार होईपर्यंत ढवळा. गॅसवर किंवा चुलीवर थेट ठेवू नका, पेट घेतं. याच कारणाने पॅराफिन लावलेल्या अंगाने चुलीपुढे बसू नका आणि बिडी पेटवू नका. ते कपड्यांत मुरतं आणि धुतल्यावरही पूर्ण जात नाही, त्यामुळे ठिणगी पडली तर कपडा भडकतो. दुसरा धोका घसरण्याचा: न्हाणीघरात फरशीवर सांडलेलं पुसूनच बाहेर या.

चोळायचं नाही, केस ज्या दिशेने आहेत त्या दिशेने सरकवत लावायचं, नाहीतर केसांच्या मुळाशी फोड येतात. पाठीला हात पोचत नसेल तर घरच्यांनी लावावं. डब्यात बोटं बुडवण्यापेक्षा स्वच्छ चमच्याने काढा. आणि फरक चार-पाच दिवसांत मोजू नका; रोज दोनदा किमान दोन आठवडे लावून मग ठरवा.

खोबरेल किंवा करडईचं तेल चालेल का?

चालेल. खोबरेल चांगलं आहे, करडईचंही कातडीला सोसतं आणि आपल्या भागात घरोघरी असतं. फक्त तेलात पाणी नसतं, त्यामुळे कोरड्या ठाक अंगावर तेल लावून उपयोग थोडा. ओल्या अंगावर लावा. मोहरीचं तेल, कापूर घातलेलं तेल, लसूण कढवलेलं तेल टाळा, ती झोंबतात.

घामोळ्याची पावडर गार वाटते ती मेंथॉलमुळे. त्यातली टाल्क कातडी आणखी कोरडी करते. कॅलामाइनचंही तसंच, वाळल्यावर ओढ बसते.

कातडी कोरडी आहे तर पाणी जास्त प्यावं का?

नाही. प्यायलेलं पाणी इथे कातडीपर्यंत पोचत नाही, पायात आणि फुफ्फुसात साठतं. डॉक्टरांनी दिवसाला जेवढं सांगितलं तेवढंच.

डायलिसिस वाढवलं तर खाज कमी होते का?

डायलिसिस अपुरं होत असेल तर हो. आपल्याकडे बरेच पेशंट आठवड्यातून दोनदाच करतात. त्यातही एसटी चुकेल म्हणून तासभर आधी उठतात. चार तासांचे तीन तास झाले की साठलेली घाण तशीच राहते.

डायलिसिस पुरेसं होतंय का हे बघायला सोपा हिशोब आहे. त्याच दिवशी आधीचं आणि नंतरचं ब्लड युरिया काढतात. आधी १४० आणि नंतर ४९ आलं, तर ९१ उतरलं, म्हणजे ६५ टक्के. आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांसाठी ही ६५ टक्के किमान पायरी आहे. दोनदाच करणाऱ्यांना तीही पुरेशी धरत नाहीत. आकडा त्याखाली असेल तर डॉक्टर वेळ, रक्ताचा वेग, डायलायझर (मशीनवरची रक्त गाळणारी नळी) किंवा फिस्टुला तपासतात. आकडा चांगला असूनही खाज असेल, तर नुसते तास वाढवत बसण्यात फायदा नाही. पुढच्या औषधांकडे वळा.

फॉस्फरस वाढल्यामुळे खाजतं असं सांगितलं. काय खायचं बंद करू?

फॉस्फरस आणि खाजेचा संबंध लोक समजतात तेवढा घट्ट नाही. फॉस्फरस उत्तम असलेले पेशंटही खाजवत बसलेले असतात. तरीही तो आटोक्यात हवाच, हाडांसाठी आणि रक्तवाहिन्यांसाठी. डायलिसिसवर साधारण ५.५ च्या खाली आणायचा प्रयत्न असतो. बरोबर कॅल्शियम आणि पीटीएच (गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) तपासतात. पीटीएच फार वाढलं असेल तर त्यावर उपचार केल्यावर काहींची खाज उतरते.

ज्वारीची भाकरी बंद करू नका. धान्य, डाळी, शेंगदाणे यांतला फॉस्फरस शरीर निम्म्याच्या आसपासच शोषतं. कोला, पॅकेटमधलं चीज, तयार मसालेदार पाकिटं यांत मिसळलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा रक्तात जातो. तेव्हा आधी बाटली बंद करा, मग भाकरीकडे बघा. शेंगदाण्याची चटणी वाटीभर नको, चमचाभर चालते.

फॉस्फरसच्या गोळ्या, म्हणजे कॅल्शियम ॲसिटेट किंवा सेव्हेलामेर, जेवणाच्या घासांबरोबरच घ्यायच्या. त्या पोटातल्या अन्नातला फॉस्फरस धरतात. सकाळी उपाशीपोटी सगळ्या गोळ्या एकदम घेण्याची सवय असेल तर धरायला पोटात काही नसतंच. शेतात डबा नेत असाल तर गोळी डब्याच्या झाकणात ठेवा.

डॉक्टरांनी गॅबापेंटिन लिहून दिलं. ते तर नसांचं औषध आहे ना?

हो, आणि म्हणूनच दिलं. या खाजेवर ज्या औषधांचा चांगला पुरावा आहे त्यांत ते वरच्या ओळीत आहे. पण ते जवळजवळ पूर्ण किडनीतून बाहेर पडतं. निरोगी माणसाला जो डोस चालतो तो डायलिसिसच्या पेशंटला दोन दिवस झोपवून ठेवतो.

सुरुवात सहसा १०० मिलिग्रॅमने, आणि तेही डायलिसिस झाल्यावरच, म्हणजे आठवड्यात दोन किंवा तीन कॅप्सूल. गरज पडली तर हळूहळू ३०० पर्यंत. सहसा त्यापुढे जात नाहीत. डायलिसिस नसलेल्या पेशंटचा डोस त्याची किडनी किती चालते त्यावर ठरतो. प्रीगॅबालिन द्यायचं तर २५ मिलिग्रॅमने सुरू करतात. दोन्ही एकत्र घ्यायची नसतात.

गडबड बहुतेक औषध दुकानात होते. १०० ची कॅप्सूल नसते, दुकानदार "तेच आहे" म्हणून ३०० ची देतो, किंवा मिथाइलकोबालामिन नाहीतर नॉर्ट्रिप्टिलिन मिसळलेली गोळी देतो, आणि पेशंट ती रोज रात्री घेतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोलणं अडखळतं, हातांना झटके बसतात, माणूस भ्रमल्यासारखा वागतो. घरच्यांना वाटतं पॅरालिसिस आला. असं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवा आणि पाकीट घेऊन लगेच डायलिसिस युनिट गाठा; डायलिसिसने हे औषध निघून जातं. पाकिटावर नाव एकच असावं आणि आकडा चिठ्ठीवरचाच असावा, हे दुकानातच बघून घ्या.

गोळी युनिटमध्येच घेऊन मोटारसायकलवर बसू नका. घरी पोचून, जेवून घ्या. ॲसिडिटीचं पांढरं औषध गॅबापेंटिनला पोटात अडवतं. शिवाय त्यात ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं, जे किडनीच्या पेशंटला तसंही चालत नाही. उपयोग दिसायला दोन ते चार आठवडे द्या. बरेच महिने घेतलं असेल तर एका दिवसात बंद न करता विचारून उतरवत आणा.

त्यानेही नाही थांबली तर?

सर्टरालिन ही नैराश्याची गोळी छोट्या डोसमध्ये काहींना लागू पडते. खाज मनाची आहे असा त्याचा अर्थ नाही. नॅरोबँड यूव्हीबी या अतिनील प्रकाशाचे उपचार त्वचाविभागात आठवड्यातून दोन-तीनदा, काही आठवडे करतात. घरी उन्हात बसणं हा त्याला पर्याय नाही. आपल्याकडच्या ४२-४३ अंशांत त्याने कातडी फक्त भाजते. जपानमध्ये नॅलफ्युराफिन नावाची गोळी २००९ पासून आहे. अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये डायफेलिकेफॅलिन या इंजेक्शनला डायलिसिसच्या पेशंटसाठी मंजुरी मिळाली. प्रत्येक डायलिसिसच्या शेवटी नळीतून देतात. ही दोन्ही औषधं खाज दाबणारी शरीराची यंत्रणा जागी करतात.

मला फक्त डायलिसिस चालू असतानाच खाजतं.

हे वेगळं प्रकरण आहे. डायलायझर, तो निर्जंतुक करायला वापरलेलं रसायन, रक्त गोठू नये म्हणून दिलेलं हेपॅरिन, लोहाचं इंजेक्शन, चिकटपट्टी, सुईआधी लावलेलं अँटिसेप्टिक, यांपैकी एखादं नडत असतं. सुरू झाल्यापासून किती मिनिटांनी आणि कुठे खाजतं ते टेक्निशियनला सांगा. पट्टीखालीच चौकोनी लाल होत असेल तर कागदी पट्टी मागा. वापरलेला डायलायझर धुऊन परत लावत असतील तर तो पुरेसा धुतला का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. खाजेबरोबर छातीत आवळलं, श्वास लागला, ओठ सुजले तर "थोड्या वेळाने सांगू" नको. त्याच क्षणी हाक मारा.

फिस्टुलाच्या हातालाच जास्त खाज येते.

त्या हाताला नख लावायचं नाही. खपली निघाली तर तिथून जोरात रक्त येतं आणि जंतू थेट रक्तात शिरतात. खाज आली तर बाजूला हलकं थोपटा, गार ओला रुमाल ठेवा. मॉइश्चरायझर डायलिसिस झाल्यावर रात्री लावा, टोचलेल्या जागा सोडून. डायलिसिसच्या दिवशी सकाळी त्या हाताला काही लावू नका आणि सुईआधी हात साबणाने धुवा. तेलकट कातडीवर पट्टी टिकत नाही.

रक्त आलंच तर स्वच्छ कापडाने एका बोटाने नेमक्या जागी दाबून धरा, हात वर करा, १० ते १५ मिनिटं उचकटून बघू नका. जोराची चिळकांडी असेल तर दाबूनच दवाखान्यात निघा. वरून दोरी आवळू नका.

रात्री झोपच लागत नाही.

झोपायच्या अर्धा तास आधी मॉइश्चरायझरचा दुसरा हात द्या. त्याची बाटली माठाला टेकवून किंवा फ्रीजमध्ये ठेवली तर गार लागून लगेच बरं वाटतं. घोंगडी आणि नायलॉनची ब्लँकेट अंगाला लागू देऊ नका. जुन्या धुतलेल्या सुती साडीची गोधडी सगळ्यात चांगली. नखं आठवड्यातून दोनदा कापून कडा घासून घ्या. झोपेत ओरबाडत असाल तर सुती हातमोजे. उशाशी ओला रुमाल ठेवा आणि खाजेच्या जागी १० मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका, विशेषतः साखरेमुळे पाय बधिर झालेल्यांनी.

कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चांगला, हवेत ओल येते. पण पाऊस पडून हवा दमट झाली की तोच कूलर घामोळं आणतो. टाकीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला.

एका गावी चूर्ण देतात, किडनीही सुधारते आणि खाजही जाते म्हणे.

ज्या पुडीवर घटकांची नावं नाहीत ती पोटात घेऊ नका. काही भस्मांत पारा, शिसं, आर्सेनिक सापडलेलं आहे आणि उरलेली किडनी त्यानेच जाते. खाज थांबली तर बऱ्याचदा त्या पुडीत दळलेलं स्टिरॉइड असतं.

डॉक्टरांना नेमकं काय सांगू?

"खूप खाजतं" यावरून काही ठरत नाही. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि १० म्हणजे कल्पनाही करवत नाही इतकी, असं धरून मागच्या २४ तासांतल्या सगळ्यात वाईट खाजेला आकडा द्या. तो रोज कॅलेंडरच्या चौकोनात लिहा. ४ ते ६ मध्यम, ७ आणि पुढे तीव्र. बाजूला डायलिसिसचा दिवस आणि किती वेळा झोपमोड झाली ते. दोन आठवड्यांचं असं कॅलेंडर आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं दाखवली की औषध बदलायचं की वाढवायचं हे दोन मिनिटांत ठरतं.

खाजवलेल्या जागी पू, गरमपणा, ताप, डोळे पिवळे, नवीन गोळीनंतर पुरळ आणि तोंडात फोड, अंग लाल होऊन सालपटं निघणं, यांपैकी काही असेल तर पुढच्या डायलिसिसची वाट बघू नका.

दाखवायचं कुठे? खर्च किती झेपेल?

आधी डायलिसिसच्या डॉक्टरांना, मग त्वचारोगतज्ज्ञांना. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचं विलासराव देशमुख या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचाविभाग आहे. डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं. मॉइश्चरायझर मात्र खिशातूनच जातं. म्हणून भारी कंपनीची छोटी बाटली घेण्यापेक्षा साधी जेली मोठ्या डब्यात घ्या. गोळ्या जनौषधी केंद्रात स्वस्त पडतात, पण तिथेही मिलिग्रॅमचा आकडा बघून घ्या.

किडनी बदलल्यावर खाज जाते का?

नवी किडनी नीट चालली तर बहुतेकांची जाते किंवा फार कमी होते. ट्रान्सप्लांटनंतर पुन्हा सुरू झाली तर ती जुनीच खाज समजून घरी उपाय करू नका. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना बुरशी, खरूज आणि औषधांचं पुरळ आधी बघावं लागतं, आणि क्रिएटिनिनही त्याच दिवशी तपासून घ्यावं.